उदगीरचा कप

तुम्ही हसाल, पण कंधारच्या क्रिकेट क्लबाचा इतिहास मी लिहिलाय. माझे काका क्लबाचे अध्यक्ष. म्हणाले, "तू इतिहासात एमए हायस ना? मग आपल्या कपावर लिही. एकुलता एक हाय."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: 'अंतिम सामन्यात उदगीरच्या संघाला धूळ चारून आपण हा कप जिंकला.'

वर्धापनदिनाला ते वाचायलाही मलाच उभं केलं. माईक किंचाळला तशी मी दचकले, तरी वाचलं. ते वाक्य संपताच प्रमुख पाहुणे उठले. उदगीरचे मोठे व्यापारी, काकांनी देणगीच्या आशेनं बोलावलेले.

"पोरी, त्या संघाचा कप्तान मीच. मॅच आम्ही जिंकलो होतो. पण बक्षीस द्यायच्या आधी तुझे काका भाषणाला उभे राहिले ते थांबेचनात. आमची शेवटची बस सुटायला आली होती, कप न घेताच पळालो."

मी काकांकडं बघायचंही टाळलं.

पाहुणे काकांकडं वळले. "अध्यक्षसाहेब, आज मी माझ्या गाडीनं आलोय. बसची घाई न्हाई. आमचा कप द्या."

काकांनी शांतपणे माझ्या हातातून माईक घेतला. "देऊ की पाव्हणं! तुमचाच हाय. फक्त आधी मी दोन शब्द बोलतो."

अंधार पडला तसा बाहेर पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी पुन्हा दचकले.

कप अजून आमच्याकडंच आहे.