गाडी पावसाच्या पुढं जाईना

—मान जरा उजवीकडं घ्या साहेब, हां, अशी, आणि आता बोलू नका, कानाखाली वस्तरा हाय. मगाशी शेजारच्याचा फोन वाजला तर मी दचकलो का, असंच न्हवं तुमचं म्हणणं? आवं, आज रविवार. दर रविवारी दुपारी माझ्या जावयाचा फोन येतो, विलायतेतनं. हसू नका, फेस तोंडात जाईल. कोरेगावच्या जोतिबा सलूनवाल्याचा जावई गोरा हाय, म्हणून आख्ख्या गल्लीचं हसून झालंय, आता तुमी नव्यानं सुरू करू नका. शिवांजली माझी एकुलती एक, मिरजेला नर्सिंग शिकली, मग विलायतेतल्या दवाखान्यात लागली आणि तिथंच ह्या कॉलिनशी लगीन लावलं. पोरगं झ्याक हाय, त्येच्याबद्दल माझी काय बी तक्रार न्हाई. तक्रार माझ्या तोंडाची हाय. माझं इंग्रजी म्हंजी हाफ कटिंग, फुल कटिंग, संपलं! आता दर आठवड्याला जावयाला काय दरपत्रक वाचून दावू व्हय?

मग पोरगीच म्हणाली, आप्पा, इंग्रज माणसाशी बोलायचं तर पावसापासनं सुरू करायचं. मी म्हटलं, आरं तिच्या! हे तर आपल्यासारखंच की! आपल्यात पोरगी मागायला गेलं तरी कोण थेट विचारतंय? आधी, काय म्हणतोय पाऊस तुमच्याकडं? मग घेवडा कसा, मग आल्याला भाव काय, मग चा येतो, मग घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस घसा खाकरतं, आणि तवा कुठं मुद्दा निघतो. म्हटलं, वाट तर वळखीची हाय, ह्या वाटेनं आपण बरोबर पोचू. आणि लागलो साहेब, ह्या वयात, पावसाचं इंग्रजी शिकायला. अक्कल बघा माझी.

सुरुवात अंब्रेलापासनं. छत्री मला म्हाईत न्हाई व्हय? पण कॉलिन म्हणाला — पोरगी मधी बसून मराठीत सांगती — त्यो शब्द इटलीकडनं आला, आणि त्येचा मूळ अर्थ सावली. आता बोला! जिथं ऊन औषधाला सापडत न्हाई, तिथली माणसं डोक्यावर सावली धरून पाऊस अडवत्यात! मग त्यो म्हणाला, लय जोराचा पाऊस लागला की कुत्री-मांजरं पडत्यात म्हणायचं, रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज. मी विचारलं, का? तर म्हणाला, कुणालाच धड ठाऊक न्हाई. कोण म्हणतं, जुन्या काळी गवती छपरावर ती निजायची आणि पाऊस आला की घसरून खाली — ते खोटं हाय म्हणं. कोण म्हणतं, गटारी तुंबल्या की मेलेली जनावरं रस्त्यानं वाहत यायची. मी म्हटलं, जाऊ द्या, आमच्यात तर मुसळं पडत्यात, ती तरी कुणी बघितल्यात? पोरीनं इंग्रजीत करून सांगितलं, तर त्यो असा हसला, असा हसला, हातातला चा सांडला अंगावर. झालं! मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायचा अवकाश, त्येच्या कानात कुत्री-मांजरं सोडायला लागलो. दोन-चार कायमची माणसं तवापासनं इकडं फिरकली न्हाईत, आता स्टँडसमोरच्या गुंडा न्हाव्याकडं दाढी करत्यात. हलू नका.

पण कॉलिन एकदा म्हणाला, मी रेनी डे साठी चार पैसं बाजूला टाकतोय. रेनी डे म्हंजी अडीनडीचा दिवस. तिकडं पाऊस लागला की शेतातली कामं बंद, मजुरी बंद, त्यातनं आलं असंल म्हणतो. मी म्हटलं, बाबा, हे कोरेगावात येऊन बोलू नको, घेवडेवाले धरून हाणतील तुला. आमचा वाईट दिवस कोरडा असतो. आणि पैसं कशाला टाकतोय म्हणाल, तर बाळासाठी. हां, ते सांगायचंच राह्यलं बघा. पोरीला दिवस गेल्यात.

म्हंजी तेच तर सांगायचं हुतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी सांगायला पायजे तुमास्नी? सातवा लागला की बापानं जाऊन म्हणायचं, पाहुणं, पोर धाडा. मला जायचं न्हाई, नुसतं फोनवर म्हणायचंय. दर रविवारी मी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसतो, पाठ केलेलं असतं सगळं — आणि फोन लागतो, पाऊस निघतो, आणि गाडी पावसाच्या पुढं जातच न्हाई! माझी समजूत अशी की पाऊस संपला की मुद्दा येणार. त्येच्याकडं मुद्दा न्हाईच साहेब, त्येला पावसाचंच बोलायचं असतं. अर्धा तास पावसाचं बोलतो, आणि बोलून जीव हलका झाला, असं म्हणून फोन ठिवतो. मी इथं घसा खाकरून बसलेला. मागल्या खेपेला त्येनं रेन चेक शिकवलं. अमेरिकेत चेंडूफळीचा सामना पावसानं मोडला की तिकिटाचा तुकडा ठिवायचा, पुढच्या वेळी त्यावर आत सोडत्यात. आपल्या जत्रंत कुस्त्यांचं मैदान भिजलं तर कोण देतंय तुकडा? चिखल बघा आणि घरी जावा. पण मला वाटलं, मी दर रविवारी हेच करतुय की. पुढच्या रविवारी विचारू, पुढच्या रविवारी विचारू. आता सातवा सरत आला, आठव्यात विमानवाले चढू देत न्हाईत म्हणत्यात. पोटातलं लेकरू काय माझ्या इंग्रजीसाठी थांबणार हाय?

काय? आवं, बोलू नका म्हटलं न्हवं! पोरीलाच का न्हाई विचारत? मराठीत? रीत न्हाई ती. पोर सासरच्यांकडं मागायची असती. तसं सासर कुठलं आलंय म्हणा, दोघंच राहत्यात, सासू लांब दुसऱ्या गावाला... आरशातनं असं बघू नका हो. बरं, सांगतो. मला भ्या वाटतंय. तिची आई असती तर तिनं फोन हिसकून घेतला असता, कवा येतीस गं, एवढंच म्हणाली असती, की झालं काम. ती जाऊन तीन वरसं झाली. घरात बाईमाणूस न्हाई, आणि पोर विचारंल, आप्पा, तिथं माझं करणार कोण? मी थोरल्या बहिणीला, हरणाबाईला, सांगून ठिवलंय. खाट आणलीया, खिडकीला जाळी मारलीया, डिंक-अळीव आणून डब्यात भरून ठिवलाय. लाडू यूट्यूबवर बघून केलं, दगड झालं, शेजारच्या कुत्र्यानं वास घेऊन सोडून दिलं. ती नर्स हाय साहेब, तिथं सगळं चकाचक, कशाला येईल ती? तिनं न्हाई म्हटलं की ते न्हाई ऐकून मी ह्या खुर्चीपाशी उभा राहू शकणार न्हाई. म्हणून आमचं आपलं पावसाचं चालू असतं.

थांबा. वाजला, वाजला! हॅलो! हॅलो कॉलिन! येस येस, फाइन. हिअर? नो रेन, ऊन, बिग सन! देअर? — हां, स्पिटिंग! — साहेब, बारीक पावसाला थुंकतोय म्हणत्यात — येस, व्हेरी गुड स्पिटिंग... कॉलिन, वन मिनिट. गिव्ह शिवा. प्लीज. — शिवा? ऐक, पावसाचं राहू दे आज. बाळंतपणाला घरी येतीस का? न्हाई, आधी ऐक, आत्या येणार हाय, खाट आणलीया, सगळं... — हां. — हां. — बीपी? कवापासनं? मला का न्हाई सांगितलं? — न्हाई, मग नकोच, विमानात पाऊल टाकू नको, जिवापरास रीत मोठी हाय व्हय? तू अजिबात मनाला लावून घेऊ नको. मला काय वाईट वाटलं न्हाई. — काय? — कोण, मी? — अगं, बाप्या माणूस कुठं बाळंतपणाला जातो? मला काय येतंय? लाडू धड येत न्हाईत! — कॉलिन म्हणतोय? त्येनंच? — दर रविवारी विचारणार हुता? मग विचारलं का न्हाई गं त्येनं? — मी पावसाचं एवढं रंगून बोलतो म्हणून? — ...रडू नको. शिवा, रडू नको बाळा. येतो. येतो म्हटलं न्हवं मी.

...

न्हाई साहेब, काय न्हाई. पासपोर्टाला कुठं जावं लागतं, साताऱ्याला का पुण्याला? आणि ते... उठा तुमी. उजवा गाल राह्यलाय, ठाऊक हाय मला, पण आता माझं ध्यान इथं न्हाई, आणि बिनध्यानाचा वस्तरा न्हाई लावायचा कुणाला. गुंडाकडं जावा, उरलेली त्येच्याकडनं करून घ्या. टॉवेल? ऱ्हाऊ दे खांद्यावर. आवं, बघत काय बसलाय? शटर ओढायचंय मला. जावा.