पायरीखालची सुरी

छगन : न्हाई मास्तर, हितंच बरा हाय मी. वर येत न्हाई.

उत्तमराव : अरे, उन्हात किती वेळ उभा राहशील? चर्चच्या ओट्यावर सावली आहे. ये, बस.

छगन : वास येतोय माझा. तुमाला येत नसंल तर सर्दी झाली आसंल तुमाला.

उत्तमराव : येतोय. तरी ये.

छगन : आन् ह्या पायरीवर पाय कसा ठिवू? खाली बाबाची सुरी हाय. ल्हानपनी दर रविवारी मला इथं थांबवायचा. म्हनायचा, पोरा, जपून पाय दे, खाली माझा जुना जल्म पुरलाय.

उत्तमराव : त्याची एकट्याचीच नाही. चर्च बांधलं तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या एकेका कारभाऱ्याने आपली ढोरं सोलायची सुरी आणून टाकली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सोलायचं नाही, हाडाला शिवायचं नाही. मिशनच्या साहेबाने सांगितलं नव्हतं हे, तुझ्या बापाच्या डोक्यातून निघालं. मी तेव्हा नवा मास्तर. मिसरूड फुटत होतं. खड्ड्यावर माती मीच लोटली.

छगन : आन् आता त्याचाच पोरगा हाडं येचतो.

उत्तमराव : कळलं मला.

छगन : कळनारच. खडीचं काम बंद पडलं, मंग काय करू? ह्या दुष्काळात माळावर ढोरं नुसती पडल्यात. कुनी पुरत न्हाई, कुनी ओढत न्हाई. पुलापाशी हाडांच्या कारखान्याचा ट्रक येतो. घरात बाबा हाय, बायकू कलाबाय हाय, पोरं हायती. रंगनाथराव परवा आडवे आले. म्हनले, रविवारी चर्चात प्रभुभोजनाच्या भाकरीला बसू नगंस. नवा जल्म झालेला मानूस हाडाच्या ढिगावर दिसत न्हाई, म्हनले.

उत्तमराव : रंगनाथराव चर्चचे पंच आहेत, मंडळीतले वडील. त्यांना बोलावं लागतं.

छगन : तुमी न्हाई काय बोलला?

उत्तमराव : हे ठरलं त्या सभेत मी होतो. माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात प्रार्थना सुरू झाली.

छगन : आसू द्या. बौद्धवाड्यातला बन्सी बी हसला. म्हनला, आमी छप्पन साली सोडलं ते सोडलं. तुमी आमच्या आधी सोडलं म्हनून लई टेंभा मिरवायचे. हसला, आन् जाताना सुकडीची पिशवी ठिवून गेला. माझी नजर वर व्हईना.

उत्तमराव : मग आज काय काढलंस? नुसता हे सांगायला आला नाहीस तू.

छगन : बाबाचं काय खरं न्हाई. आज उद्या. सकाळधरनं एकच चाललंय, मास्तरला बोलीव. बायबलातल्या त्या येहेज्केलाचं वाचाया सांग. हाडांचं.

उत्तमराव : कोरड्या हाडांचं. आवडतं त्याला. हाडाला हाड जुळतं तिथं आलं की तो बाकावर बसल्या बसल्या गुडघा चोळायचा.

छगन : ते वाचू नगा.

उत्तमराव : का?

छगन : त्याला ठावं न्हाई मास्तर. डोळे गेल्यात म्हनून झाकून राह्यलंय. घरात शिरायच्या आदी नदीत जातो, वाळूनं आंग घासतो. प्रवरंत दुसरं हाय काय आता? सालं निघत्यात पार. तुमी दुसरं कायबी वाचा. आन् इचारलं तर सांगा, पोरगा खडीवर जातो.

उत्तमराव : मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलू?

छगन : जित्या मानसाशी बोलत न्हाई व्हय आपुन? बाबानं आख्ख्या हयातीत एकच गोष्ट कमावली. ती घिऊन जाऊ द्या की त्याला. एवढंच मागतो.

उत्तमराव : बस जरा. नीट ऐक. नवा जन्म असा हाडाला शिवल्याने मोडत नाही. निकदेम म्हणून एक शिकलेला म्हातारा होता, तो प्रभूला हेच विचारायला आला होता, म्हाताऱ्याने पुन्हा जन्मायचं कसं? प्रभू म्हणाला, पाण्याने आणि आत्म्याने. आता हे काही नवीन नव्हतं. याच येहेज्केल संदेष्ट्याने आधीच सांगून ठेवलं होतं की देव लोकांवर शुद्ध पाणी शिंपडेल...

छगन : टँकरचं?

उत्तमराव : ...आणि त्यांच्या आतलं दगडाचं काळीज काढून मांसाचं घालेल. देव घालेल. माणसाने आपल्या हाताने घालायचं नाही. म्हणजे ते माणसाच्या हाताने मोडणारही नाही.

छगन : हे मला सांगताय. सभेत सांगितलं आसतं तर?

उत्तमराव : हो.

छगन : एक इचारू? तुमचा झालाय का?

उत्तमराव : काय?

छगन : नवा जल्म.

उत्तमराव : शिकवत आलो, छगन. माझ्या घरात चार पुस्तकं आहेत, त्यात त्याच्या खुणा लिहिल्या आहेत. मी त्या स्वतःवर लावून बघतो. कधी एखादी जुळते, कधी काहीच जुळत नाही. चल, ऊन खाली आलं. चष्मा घेतो आणि येतो.

(कचरूचं घर, वाड्यातलं शेवटचं. दिवस कललेला. छगनचा बाप कचरू बाजेवर पडून आहे.)

कचरू : चष्मा गावला का मास्तर? तुमचं निम्मं शास्तर चष्मा हुडकन्यातच जातं.

उत्तमराव : गावला, कचरूदादा. काय वाचू? मेंढपाळाचं स्तोत्र वाचू?

कचरू : मेंढरं गेली तिकडं. हाडांचं वाचा.

छगन : बाबा, ते लई लांब हाय. तुला दम लागंल.

कचरू : दम माझा हाय. तुला काय त्याचं?

उत्तमराव : आत अंधारलंय. दिसत नाही नीट. तोंडानेच सांगतो. देवाने संदेष्ट्याला उचलून एका खोऱ्यात ठेवलं. खोरं हाडांनी भरलेलं. सगळी वाळून गेलेली.

कचरू : आपल्या माळावानी.

उत्तमराव : हो. देवाने त्याला विचारलं, काय रे, ही जिवंत होतील का?

कचरू : मंग त्यो व्हय म्हनला.

उत्तमराव : नाही.

कचरू : न्हाई?

उत्तमराव : तो म्हणाला, देवा, ते तुझं तुला ठाऊक. एवढंच.

कचरू : तुमी तर दर खेपेला त्याच्या तोंडात 'व्हय' घालायचे. लई आवाज चढवून.

उत्तमराव : मी घालायचो. लोकांना बरं वाटायचं. मलाही.

कचरू : हं. बरं केलं आज सांगितलं. मास्तर, आमचा छगन कुठं जातो कामाला?

उत्तमराव : तो... खडीवर जातो. रस्त्याच्या.

कचरू : तुमाला न्हाई जमत मास्तर. आवाज बारीक व्हतो तुमचा. खडीवरचा मानूस रातभर खोकतो. ह्यो खोकत न्हाई. वाळूनं आंग घासून येतो आन् मला वाटतं वास गेला. त्या वासात माझी निम्मी हयात गेली, पोरा. डोळे गेल्यात माझे. नाक न्हाई गेलं.

छगन : कवापासनं ठावं हाय?

कचरू : पयल्या दिवसापासनं. तू उंबऱ्यात आला आन् मला वाटलं, माझा बा आला मसनातनं उठून.

छगन : बाबा, मला माफ कर.

कचरू : गप. तुला कोन काय म्हनलं? मी मास्तरला इचारतोय. मास्तर, मला वाटलं हुतं, सुटलो. माझ्यासंगं माझं घर सुटलं. आता बगा, जिथनं निगालो तिथंच पोरगं उभं हाय. मंग जल्म एकच आसतो का? दुसरा आमी नुसताच मानला?

उत्तमराव : मला माहीत नाही, कचरूदादा.

कचरू : शास्तर काय म्हनतं?

उत्तमराव : त्या खोऱ्याच्या गोष्टीत लोकच म्हणत होते, आमची हाडं वाळली, आता आशा नाही. देवाने ते ऐकून घेतलं. तुम्ही खोटं बोलता असं त्यांना म्हणाला नाही. उठवीन म्हणाला. कधी, ते सांगितलं नाही. यापुढचं मी सांगितलं तर ते माझ्या पदरचं होईल.

कचरू : नगं मंग. छगन, हिकडं ये. हात दाव.

छगन : काय न्हाई झालेलं.

कचरू : दे म्हनतो ना. हे कशानं कापलं? सुजलाय की पार.

छगन : विळ्यानं. सुकलेलं कातडं निघत न्हाई.

कचरू : येडा रं येडा. विळा वाकडा, त्यो आपल्याच हातावर येनार. त्याला सरळ पातं लागतं. आन् धार आपल्यापासनं लांब धरायची, सांध्यात. मी शिकवलंच न्हाई तुला. शिकवायची पाळी येऊ नये म्हनून तर... मास्तर.

उत्तमराव : बोला.

कचरू : पायरी काढा.

उत्तमराव : कचरूदादा, तिथं तुमचा जुना जन्म आहे. तुम्हीच पुरलाय तो.

कचरू : म्हनून मीच उकराया सांगतोय. रंगनाथला इचारत बसू नगा. माझ्या सुरीच्या मुठीला तांब्याची तार हाय, हाताला लागंल. बाकीच्यांच्या तशाच राहू द्या.

उत्तमराव : गंजून गेली असेल.

कचरू : दगडावर घासंल त्यो.

छगन : मला नगं ती, बाबा. तुझ्या पाया पडतो. नगं.

कचरू : तुला नगं, ठावं हाय मला. मला बी नगं व्हती. पन ह्यो हात सडला तर मला माती कोन दील? रंगनाथ?

छगन : मास्तर, सांगा की त्याला कायतरी.

उत्तमराव : काय सांगू? छगन, घरात कुदळ आहे का?

छगन : हाय.

उत्तमराव : आण. उजेड आहे तोवर जाऊन येऊ. रंगनाथराव भेटले तर मी बोलेन.

कचरू : मास्तर.

उत्तमराव : हो, दादा.

कचरू : पायरी पुन्यांदा नीट बशिवा. रविवारी मानसं येत्याल, कुनी आडखळायला नगं.