मधला पट्टा

(माती तपासणीची खोली. टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि निळ्या पाण्यात ठेवलेल्या मुळांच्या तीन बशा.)

तपासनीस: घाई नको, काकू. एक डोळा मिटा. दिसलं?

बहीण: निळे धागे दिसतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे, मुळाच्या आत-बाहेर.

तपासनीस: ती बुरशी. हे तुमच्या डावीकडच्या मक्याचं मूळ. आता मधल्या पट्ट्यातलं बघा.

बहीण: यात काहीच नाही. नुसतं पांढरं मूळ.

तपासनीस: तेच सांगायचं होतं. मूळ पोचत नाही तिथं हे धागे पोचतात, पाणी आणि खत ओढून आणतात. मूळ त्यांना साखर देतं. देवाणघेवाण असते. मातीचे कणही तेच धरून ठेवतात.

बहीण: म्हणून तिथं घातलेलं पाणी मुरत नाही? वरच्या वर वाहून जातं. यंदा तीन आठवडे पावसानं तोंड फिरवलं, तर दोन्हीकडचा मका कसाबसा तग धरून राहिला आणि मधला मान टाकून बसला. त्याच पट्ट्याखालून शहराच्या पाण्याचा एवढा मोठा नळ जातो, आणि वर माझं पीक तहानेलं. हसावं की रडावं? आधीच शेत चिंचोळं. पट्टा वजा केला तर उरतं काय, दोन काठ.

तपासनीस: नळ टाकताना वरची माती कुठं ठेवली होती?

बहीण: ढीग घातला होता. पोकलेनवर माझा धाकटा भाऊच होता ना. मुकादमाच्या हातापाया पडून त्यानं आमचा तुकडा मागून घेतला. म्हणाला, दुसरा कुणी आला तर काळी माती खाली आणि मुरूम वर करून जाईल, तुझ्या शेताची माती मी माझ्या हातानं काढणार. काळी वेगळी काढली, उंच ढीग रचला, बकेटनं चोपून बसवला. पावसानं वाहून जाऊ नये म्हणून वर दुहेरी ताडपत्री. बाकीचे त्याला चिडवायचे, बाळाला निजवतोस की काय म्हणून. मग काम अडलं, ढीग चौदा महिने तसाच राहिला. पण एक घमेलं माती कमी झाली नाही हो.

तपासनीस: चौदा महिने. झाकलेला.

बहीण: तुम्ही लिहायचं का थांबलात?

तपासनीस: काकू, माती जिवंत असते. तिला हवा लागते. आणि या बुरशीला जिवंत मूळ लागतं, त्याशिवाय तिला खायला मिळत नाही. उंच, चोपलेल्या, झाकलेल्या ढिगात दोन्ही नाही.

बहीण: म्हणजे त्यानं जपली म्हणून मेली?

तपासनीस: त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बहीण: तो खाली गाडी लावतोय. येईल आता. तुम्ही त्याला हे बोलू नका. दोन वर्षं दर रविवारी येतो. सगळा पट्टा खणतो, शेणखत ओततो, बादल्यांनी पाणी घालतो. मी जेव म्हटलं तर तसाच मातीच्या हातांनी निघून जातो. कागदावर काय हवं ते लिहा.

तपासनीस: कागदावर फक्त साठवणीचा काळ लिहीन. पण खणणं थांबवा म्हणून मला सांगावंच लागेल.

भाऊ: येऊ का, मॅडम? ताई, झालं का? हे बघा, दुकानातून बुरशीच्या पावडरीचं पाकीट आणलंय. दुकानदार म्हणाला, मुळाशी टाका. किती टाकू?

तपासनीस: दादा, रुजेल याची खात्री मला देता येत नाही. आणि दर आठवड्याला खणलं तर नवे धागे तुटतात. जास्त खत असलं तर झाड त्यांना विचारत नाही.

भाऊ: मग खणू नको?

तपासनीस: नका खणू.

भाऊ: ठीक. ही माती अशी झालीच कशानं?

बहीण: होतं असं. चल, ऊन चढेल.

भाऊ: ताई, थांब. मॅडम, मी सात टनाचं यंत्र चालवतो. मला सरळ सांगितलेलं कळतं.

तपासनीस: चौदा महिने ढिगात होती. तिथं तिला हवा नव्हती, मुळं नव्हती.

भाऊ: उघडा ठेवला असता तर?

तपासनीस: तरीही बरीच बुरशी मेली असती.

भाऊ: बरीच. सगळी नाही.

बहीण: तू चांगल्यासाठीच केलंस रे.

भाऊ: दुसरी ताडपत्री घरची होती. आपल्या ट्रकवरची काढून आणली होती मी.

बहीण: मला माहीत आहे.

भाऊ: मॅडम, काम सांगा. काठाची चांगली माती घमेल्यानं आणून टाकू? रोज येईन.

तपासनीस: काठावरची चार घमेली इथं तिथं टाका, एकदाच. मग गवत, शेंगवर्गीय झाडोरा, जे येईल ते येऊ द्या. काठाकडून बुरशी आपली आपण आत सरकते. फार हळू. नांगर नको, पायही कमी.

भाऊ: किती दिवस?

तपासनीस: वर्षं लागतील. सात, आठ. त्याहून जास्तही. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

भाऊ: आणि तोवर ताईनं काय पेरायचं?

तपासनीस: त्या पट्ट्यात काही नाही.

भाऊ: एवढी हत्यारं आहेत माझ्याकडं.

बहीण: असू देत. रविवारी ये. बांधावर बसू दोघं.

भाऊ: नुसतं?

बहीण: नुसतं.