घरचं कुलूप

कापडगिरणीच्या फाटकावर दोन फिटर बसमध्ये चढले, आणि तिकिटं फाडता फाडता कंडक्टर शालिकरामचे कान त्यांच्याकडे लागले.

"ताराचंद, तुह्या पिशवीत काय वाजून राहिलं गा?"

"घरचं कुलूप. गिरणीत कुठं भेटतेत कुलपं? कोणी टाकीत उतरलं का वाफेच्या वाल्वले मी हेच लावतो."

"मंग काढून काहून आणलं?"

"बायको कन्हानले माहेरी चालली, लहानूभाऊ. घराले लावाले दुसरं नाही. वाल्व बंद करून तारेनं बांधला."

"अन् बळीराम निंगाला काय रंगाच्या टाकीतून?"

"निंगतोच म्हणे. दोन नट कसाचे राहिले होते."

"म्हणे? तू पाह्यलं नाही?"

"नाही."

"दुसऱ्या पाळीवाला तार नाही पाहत, कुलूप पाहते. कुलूप नाही म्हणजे काम झालं, असं समजून वाल्वचं चाक फिरवते तो."

"तीनले टाकीत वाफ सोडतेत, भाऊ."

"आता किती वाजले?"

ताराचंदकडे घड्याळ नव्हतं. शालिकरामच्या मनगटावर होतं. तीनला नऊ मिनिटं कमी होती, आणि गिरणी दोन थांबे मागं राहिली होती. कोणी उतरायचं म्हटलं नव्हतं, तरी त्यानं घंटीची दोरी ओढली.

"गाडी मागं फिरव गा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "गिरणीवर. लोक ओरडतीन, ओरडू दे."