पहिला फोटो सासूचा

धाडहून एसटी बुलढाण्याकडे निघाली, तशी पुढच्या सीटवर वंदनाचा डोळा लागत आला. तोच मागून सासूचा, झुंबरबाईंचा आवाज कानी पडला. शेजारच्या अनोळखी बाईशी त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या.

"डोळ्याच्या दवाखान्यात चालली मी. लेझर करा लागते म्हणे."

"दिसत नाई का तुमाले?"

"दिसत नाई काऊन? सुईत दोरा ओवते मी, बिनचष्म्याची!"

"मंग?"

"शुगर हाय न बाई, दहा वर्साची. सून आमची वंदना, सरकारी दवाखान्याची आशाताई हाय. मोबाइलवर डोळ्याच्या आतला फोटो काढते. मले म्हणे, आत्याबाई, बसा. मी म्हटलं, मायी नजर घारीची, जाय दुसऱ्यापाशी."

"मंग बसल्या कशा?"

"गल्लीतल्या बाया तिले म्हणे, तुयी सासूच बसत नाई, त आमी काऊन बसाव? पोरीची इज्जत जाऊन राह्यली होती न! मंग बसली मी कोठीच्या अंधारात, डोळ्यात थेंब टाकून."

"अन् निघालं?"

"दोन्ही डोळ्यांत, आतून रक्ताचे ठिपके! डॉक्टर म्हणे, बरं झालं टायमावर सापडलं. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली आमच्या दारात लाइन लावून!"

"गुणाची हाय हो सून. तिच्या इज्जतीसाठी बसल्या, हे तिले सांगितलं का?"

"कायले? डोक्यावर बसन न मंग!"

"कुठं हाय ती?"

"हे काय, पुढं झोपली. जागी असती त एवढं बोलली असती का मी?"

वंदनानं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.