आधी चालवून बघ

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ताई, माझा कॉम्प्युटर उद्या भंगारात जाणार. नवीन विंडोज त्यावर चालत नाही म्हणे.”

“अगं, चांगला धडधाकट आहे तो! त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाक. माझा त्याच्यावरच पळतोय.”

“या वयात नवीन कुठे शिकत बसू?”

“साठीत दुसरं लग्न केलंस, तेव्हा नाही वय आडवं आलं!”

“ह्यांना आधी वर्षभर पारखलं होतं.”

“मग यालाही पारख. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघायचं, जुन्याला धक्का लागत नाही. नाही पटलं, तर पेनड्राइव्ह काढायचा आणि मोकळं व्हायचं.”

“अगं बाई! पहिल्या लग्नाच्या वेळी कुठे होती ही सोय?”

समोरचे आजोबा सुजलेला गाल धरून हसले.

“संध्याकाळी घेऊन ये तो पेनड्राइव्ह. ह्यांनाही बसवते शेजारी, दोघं मिळून पारखू.”