नातीच्या वाट्याचं पिल्लू

आता तुम्हीच सांगा गड्यांनो, माह्यं काय चुकलं?

नाताळ जवळ आला तसा यवतमाळहून सुनबाईचा फोन. "मामाजी, चिनूले खेळणं आणू नका बरं. फ्लॅटमध्ये पाय ठेवायले जागा नाही. पसारा होणार नाही असं काहीतरी द्या."

म्या सावकाश विचार केला. मंग नातीले फोनवरच म्हटलं, "चिने, आपली कबरी बकरी आजपासून तुही. ते राहीन इथंच, घाटंजीले. मी बटईनं पोसतो."

"बटईनं म्हणजे?"

"बकरी तुही, चारापाणी माह्यं. पिल्लं झाले का अर्धे तुहे, अर्धे माहे."

सुनबाई खूश. साऱ्या बिल्डिंगीत सांगत फिरली का मामाजींनी असं गिफ्ट दिलं, घरात एक वस्तू वाढली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिनू आली तोवर बकरीचे दोन पिल्लं पाला खाऊन राह्यले होते. सुट्टी संपली, गाडी निघाली, तं पोरगी एक पिल्लू पोटाशी धरून मागच्या सीटवर.

"चिनू, खाली ठेव ते!" सुनबाई वरडली.

"काहून? माझ्या वाट्याचं आहे. विचार आबाजीले."

दोघी माह्याकडे पाहून राह्यल्या. आता बटईचा बोल मोडता येते काय? मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. मांगून पिल्लाचं बें-बें चालूच.

"मामाजी," सुनबाई म्हणे, "खेळणंच आणलं असतं तं बरं झालं असतं. त्याचे सेल तरी काढता आले असते."